घोरणं थांबतं तेव्हा

ताईच्या मोबाइलमध्ये एक रेकॉर्डिंग आहे. कळव्यातल्या तिच्या घरातलं, रात्री दोन वाजून दहा मिनिटांचं. सुरुवातीला पंख्याची घरघर आणि दाजींचं घोरणं ऐकू येतं. घोरणं पायरी पायरीने चढत टिपेला पोचतं आणि एकदम बंद होतं. आता फक्त पंखा. लांबून एक गाडी रुळांवरून जाते. मग ताईचा दबका आवाज: सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस. ती मोजतेय. अडतीसला दाजींच्या घशातून, बुडणाऱ्या माणसाने पाण्यावर डोकं काढावं तसा आवाज येतो, पलंग करकरतो, दाजी कूस बदलतात आणि घोरणं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.

"मधे मधे शांत व्हायचे ना, तेव्हा मला वाटायचं, चला, आता जरा गाढ लागली यांना," ताई मला म्हणाली. "तेवढ्यात मीही झोपून घ्यायचे."

त्या ३८ सेकंदांत दाजी श्वास घेत नव्हते.

झोपेत श्वास असा पुन्हा पुन्हा अडण्याला स्लीप ॲप्निया म्हणतात. २०२२च्या फेब्रुवारीत संगीतकार बप्पी लाहिरी गेले, तेव्हा त्यांच्या डॉक्टरांनी या आजाराचं नाव घेतलं आणि पुष्कळ घरांत ते पहिल्यांदा ऐकू आलं. मग वजन कमी करणाऱ्या इंजेक्शनांच्या बातम्यांत ते आलं, मग शंख फुंकल्याने घोरणं कमी होतं या बातमीत आलं. तरीही घोरणं म्हटलं की आपल्याला हसू येतं. लग्नाच्या हॉलवर, एसटीत कोणी घोरत असलं की नकला होतात. दाजींच्याही वर्षानुवर्षं झाल्या. मीही हसले आहे, आणि त्याचं आता वाईट वाटतं.

घशात नेमकं काय होतं

ठाण्याच्या तलावपाळीवर शहाळं प्यायला थांबलात की हल्ली कागदाची नळी मिळते. पहिले चार घोट छान येतात. मग नळी भिजून मऊ पडते, आणि तुम्ही जोरात ओढलं की तिच्या भिंती एकमेकींना चिकटतात. आणखी जोर लावला की आणखी चिकटतात. पाणी येत नाही.

आपल्या घशाचं असंच आहे. छातीत उतरणाऱ्या श्वासनलिकेला कूर्चेच्या कड्यांचा आधार असतो, ती दबत नाही. पण टाळूच्या मागच्या बाजूपासून स्वरयंत्रापर्यंतचा पट्टा नुसत्या स्नायूंवर उभा आहे. जागेपणी हे स्नायू ताठ राहून वाट मोकळी ठेवतात. झोप लागली की सगळ्या अंगाबरोबर तेही सैलावतात, जीभ मागे सरकते. वाट अरुंद झाली की जाणारी हवा टाळूचा मऊ भाग फडफडवते, ते घोरणं. वाट पूर्ण मिटली की घोरणं बंद, कारण फडफडायला हवाच जात नाही. छाती आणि पोट मात्र श्वास ओढायची धडपड करत राहतात. ताईने त्या रात्री दाजींच्या पोटाकडे पाहिलं असतं तर ते हलताना दिसलं असतं.

मेंदूकडून श्वासाचा हुकूमच येत नाही असाही एक प्रकार असतो, पण तो बराच कमी आढळतो. इथे मी घसा मिटण्याच्या प्रकाराबद्दलच लिहिते आहे.

रात्रीत तीनशे वेळा

श्वास किमान १० सेकंद थांबला तर डॉक्टर तो एक खंड धरतात. हवा पूर्ण थांबली नाही, पण इतकी कमी झाली की रक्तातला ऑक्सिजन घसरला, तर तेही मोजतात. असे खंड तासाला किती, हा या आजाराचा मुख्य आकडा. रिपोर्टवर तो 'एएचआय' म्हणून लिहिलेला असतो. पाचच्या आत असेल तर मोठ्या माणसासाठी ठीक. ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३०च्या वर तीव्र.

दाजींचा आकडा आला ४६. सात तासांच्या झोपेत हे ३२२ वेळा झालं.

प्रत्येक वेळी मेंदूला कळतं की हवा येत नाहीये, आणि तो माणसाला झोपेतून अर्धवट वर ओढतो. घशाचे स्नायू ताठ होतात, वाट उघडते, माणूस पुन्हा झोपतो. ही जाग काही सेकंदांचीच असते, म्हणून सकाळी आठवत नाही. तुमच्या दाराची बेल रात्रभर दर दीड मिनिटाला वाजतेय असं समजा. तुम्ही आठ तास अंथरुणात होतात हे खरंच आहे. पण सकाळी तुम्हाला कसं वाटेल?

दाजी सकाळी उठायचे तेच डोकं धरून. रात्रभर छातीतली हवा नीट बाहेर न पडल्याने रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो, त्याने डोकं जड होतं. ताई म्हणायची, पित्त झालं असेल. पित्ताच्या गोळ्या चालू होत्या.

झोपेतही हृदयाला विसावा नाही

२०२१च्या उन्हाळ्यात ठाण्यात घरोघरी ऑक्सिमीटर आले होते, ते आठवतात? ९४च्या खाली काटा गेला की घरातल्या सगळ्यांच्या काळजाचा ठोका चुकायचा. दाजींच्या बोटाला तपासणीच्या रात्री तसाच चिमटा होता. सर्वांत कमी आकडा ७१ आला. कोविडमध्ये तो तासन्‌तास खाली राहायचा आणि इथे अर्ध्या-एक मिनिटात वर येतो, एवढा फरक नक्की आहे. पण हे वर-खाली रात्री शेकडो वेळा आणि वर्षानुवर्षं चालतं.

ऑक्सिजन घसरला की शरीर धोक्याची घंटा वाजवतं. ॲड्रेनलिनसारखी रसायनं रक्तात उतरतात, नाडी वाढते, श्वास सुटतो त्या क्षणी रक्तदाब उसळी घेतो. निरोगी माणसाचा रक्तदाब रात्री दहा ते वीस टक्क्यांनी उतरतो, तीच हृदयाची आणि रक्तवाहिन्यांची विश्रांती. इथे ती मिळत नाही. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये रोज तीन तास क्लच-ब्रेक करणाऱ्या गाडीचं इंजिन आणि हायवेवर एका लयीत चालणाऱ्या गाडीचं इंजिन पाच वर्षांनी शेजारी ठेवून पाहा, दोघांचे किलोमीटर सारखे असले तरी.

यातूनच दिवसाचाही रक्तदाब चढा राहायला लागतो. तीन-तीन गोळ्या घेऊनही ज्यांचं बीपी आटोक्यात येत नाही, त्यांच्यात झोपेत श्वास अडणारे पुष्कळ सापडतात. दाजींची एक गोळी तीन वर्षांत तीन गोळ्यांवर गेली होती. त्या तीन वर्षांत आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी मिठाचं विचारलं, चालण्याचं विचारलं, टेन्शनचं विचारलं. झोपेचं एकदाही विचारलं नाही. आम्हीही सांगितलं नाही, कारण घोरणं ही डॉक्टरांना सांगायची गोष्ट आहे हे आम्हाला माहीतच नव्हतं.

आणखी एक गोष्ट इथे सविस्तर सांगते, कारण ती फार लोकांना चुकीच्या वाटेवर नेते. दाजी रात्री तीन-चार वेळा लघवीला उठायचे. पन्नाशी उलटली, प्रोस्टेट असेल, असं सगळ्यांनीच धरून चाललं होतं. सोनोग्राफी झाली, त्यात विशेष काही निघालं नाही. खरं कारण छातीत होतं. घसा बंद असताना छाती जोरात श्वास ओढते, तेव्हा आत मोठा खेच तयार होतो आणि हृदयाच्या भिंती ताणल्या जातात. हृदयाचा समज होतो की रक्तात पाणी जास्त झालंय. मग ते एक संप्रेरक सोडून मूत्रपिंडांना कळवतं, पाणी बाहेर टाका. उपचार सुरू झाल्यावर दाजींचं रात्रीचं उठणं एकावर आलं.

हृदयाची लय बिघडणं, पक्षाघात, हार्ट फेल्युअर, मधुमेह या सगळ्यांशी या आजाराचं नातं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात संशोधकांनी लोकांचा १८ वर्षं मागोवा घेतला. तीव्र ॲप्निया असलेल्यांमध्ये मृत्यूचा धोका इतरांच्या सुमारे तिप्पट निघाला. अमेरिकेतल्याच मेयो क्लिनिक या रुग्णालयाच्या संशोधकांनी २००५ साली, हृदय अचानक थांबून गेलेल्या लोकांच्या नोंदी तपासल्या. ज्यांना ॲप्निया नव्हता, त्यांच्यातले २१ टक्के मध्यरात्र ते सकाळी सहा या वेळेत गेले होते. ॲप्निया असलेल्यांमध्ये हेच प्रमाण ४६ टक्के होतं. 'झोपेतच गेले, काही त्रास झाला नाही' असं आपण ज्यांच्याबद्दल म्हणतो, त्यांच्यातल्या काहींची रात्र प्रत्यक्षात कशी गेली असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

रबाळ्याचा दुभाजक

दाजी तुर्भ्याच्या एमआयडीसीत सुपरवायझर आहेत. कळव्याहून विटाव्यामार्गे ठाणे-बेलापूर रोडने बाइकवरून जातात. गेल्या पावसाळ्याआधी एका सकाळी रबाळ्यापाशी त्यांची बाइक दुभाजकाला घासली. गुडघा फुटला, आरसा गेला, एवढ्यावर निभावलं. मागून ट्रेलर येत नव्हता, हे नशीब. "समोर काही आडवं आलं का?" असं सगळ्यांनी विचारलं. दाजींना सांगता येईना. ऐरोली सोडल्यानंतरचं त्यांना काही आठवतच नव्हतं.

याला सूक्ष्म डुलकी म्हणू या. डोळे उघडेसुद्धा असू शकतात, मेंदू मात्र दोन-तीन सेकंद झोपलेला असतो. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी तीन सेकंदांत ५० मीटर पुढे जाते. नवी मुंबईतल्या पाम बीच रोडसारखा सरळ, रुंद, एकसुरी रस्ता असेल आणि वेळ पहाटेची असेल, तर डोळा लागायला फार काही लागत नाही. उपचार न घेतलेल्या ॲप्नियाच्या रुग्णांकडून वाहन अपघात होण्याचा धोका इतरांपेक्षा दोन ते अडीच पट असतो, असं अनेक अभ्यास एकत्र करून काढलेलं अनुमान आहे.

१ डिसेंबर २०१३ च्या सकाळी न्यूयॉर्कमध्ये एक लोकल गाडी वळणावर रुळांवरून घसरली. त्या वळणाला वेगमर्यादा ताशी ३० मैलांची होती, गाडी ८२ मैलांच्या वेगाने आत शिरली. चार माणसं गेली. चौकशीत निघालं की मोटरमनला झोप लागली होती. त्याला तीव्र ॲप्निया होता, आणि तो अपघातानंतरच्या तपासणीत उघडकीला आला. तोवर त्याला स्वतःलाही पत्ता नव्हता. वाशीच्या एपीएमसीत पहाटे माल उतरवणारे, जेएनपीटी बंदराकडे रात्रभर ट्रेलर हाकणारे, ऐरोलीच्या नाइट शिफ्टला माणसं ने-आण करणारे आपले ड्रायव्हर डोळ्यांसमोर येतात. त्यांच्यातल्या किती जणांना कोणी झोपेबद्दल विचारलं असेल?

"मला तर पडल्या पडल्या झोप लागते"

तपासणीचं नाव काढलं तेव्हा दाजींचं पहिलं उत्तर हेच होतं. "मला कसला झोपेचा आजार? मी उशीला डोकं टेकलं की संपलं."

वरवर पटण्यासारखं वाटतं, पण अंथरुणावर पडताच मिनिटभरात, आणि दिवसा कुठेही बसल्या जागी झोप लागत असेल, तर ते झोपेचं कर्ज थकल्याचं लक्षण असू शकतं. चार दिवसांचा उपाशी माणूस ताटावर तुटून पडतो, तेव्हा त्याची पचनशक्ती उत्तम आहे असं आपण म्हणत नाही. डॉक्टर यासाठी आठ साधे प्रसंग विचारतात: टीव्ही पाहताना, दुपारी जेवून स्वस्थ बसल्यावर, प्रवासात, सिग्नलला गाडी थांबल्यावर पेंग येण्याची शक्यता किती? प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण २४. दहाच्या वर गेलात तर चौकशी करायला हवी. दाजींचे सतरा झाले. तेही ताईने शेजारी बसून दुरुस्त्या केल्यावर. त्यांनी एकट्याने भरले तेव्हा आठ झाले होते.

मला या आजाराबद्दल सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हेच. ज्याला होतो तो त्या वेळी झोपलेला असतो. खोकला, छातीतली कळ, गुडघेदुखी माणूस स्वतः सांगतो. इथे साक्षीदार शेजारचा माणूस, आणि तो बहुतेक वेळा अर्धवट झोपेत वैतागलेला असतो, नाहीतर उशी घेऊन हॉलमध्ये निघून गेलेला असतो. जो एकटा राहतो त्याला साक्षीदारच नाही. म्हणून ताईचं ते रेकॉर्डिंग मला एखाद्या रिपोर्टइतकं मोलाचं वाटतं. डॉक्टरांनी ते कान देऊन ऐकलं आणि पुढचं बोलणं दहा मिनिटांत झालं.

फक्त जाड माणसांना होतं का?

वजनाचा संबंध मोठा आहे, त्यात वाद नाही. मानेभोवती आणि जिभेत चरबी साठली की वाट अरुंद होते. पुरुषाच्या शर्टाची कॉलर ४० सेंटिमीटरच्या पुढे गेली तर डॉक्टर लक्ष देतात. पण घशाची वाट हाडांच्या चौकटीत बसलेली असते. हनुवटी मागे असेल, जबडा लहान असेल, टॉन्सिल मोठे असतील तर सडपातळ माणसाचाही घसा मिटतो. आपल्या आशियाई लोकांत कमी वजनावरही हा आजार दिसतो, याचं एक कारण जबड्याची ठेवण हे मानलं जातं.

हिंदुजा रुग्णालयाचे डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी मुंबईतल्या ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांचा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध केला होता. त्यांतल्या १९.५ टक्के पुरुषांचा श्वास झोपेत अडत होता, आणि ७.५ टक्क्यांना त्याबरोबर दिवसाची झोपाळूपणाची तक्रारही होती. दिल्लीच्या एम्सच्या तज्ज्ञांनी २०२३ मध्ये देशभरातले अभ्यास एकत्र करून मांडलेला अंदाज, कामाच्या वयातल्या दहा कोटींहून जास्त भारतीयांना हा आजार असावा, असा आहे.

बायकांचं निदान आणखी मागे पडतं. पाळी गेल्यावर त्यांचा धोका वाढतो, पण त्यांची तक्रार बहुधा 'झोप मोडते', 'दिवसभर थकवा', 'उदास वाटतं' अशी असते. मग थायरॉइड तपासला जातो, रक्त कमी आहे म्हणून गोळ्या मिळतात, झोपेची गोळी लिहून दिली जाते. आणि बाई घोरते हे ती स्वतः कोणाला सांगत नाही, घरचेही चारचौघांत सांगत नाहीत.

लहान मुलांचं लक्षात ठेवा. रोज तोंड उघडं टाकून घोरणारं, घामाघूम होऊन झोपणारं, मोठं झाल्यावर पुन्हा गादी ओली करू लागलेलं, शाळेत चंचल म्हणून बोलणी खाणारं मूल असेल, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून टॉन्सिल आणि ॲडिनॉइड (नाकाच्या मागच्या गाठी) बघून घ्या. मूल पेंगत नाही, उलट जास्तच वळवळ करतं, म्हणून झोपेचा संशय येत नाही.

तपासणी घरीही होते

पूर्वी यासाठी हॉस्पिटलात एक रात्र काढावी लागे, डोक्याला वीसेक वायरी लावून. गुंतागुंतीच्या केसमध्ये अजूनही तेच करतात. पण लक्षणं स्पष्ट असतील तर घरी करायची तपासणी पुरते. दाजींसाठी संध्याकाळी एक मुलगा आला. छातीला पट्टा, नाकाशी बारीक नळी, बोटाला चिमटा, एवढं लावून दाखवलं आणि सकाळी घेऊन गेला. साडेसहा हजार रुपये झाले. सुरुवात छातीविकारतज्ज्ञांकडे किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे करता येते. मनगटावरच्या घड्याळाने दाखवलेला ऑक्सिजन म्हणजे निदान नव्हे. त्याने शंका आली तर पुढचं पाऊल टाका, आणि त्याने सगळं ठीक दाखवलं म्हणून लक्षणं सोडून देऊ नका.

हवेचा टेकू

१९८०च्या आधी तीव्र रुग्णांसाठी खात्रीचा उपाय एकच होता, गळ्याला भोक पाडून श्वासाची वेगळी वाट करणं. १९८० साली सिडनीत डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी व्हॅक्यूम क्लीनरसारखी मोटर उलटी वापरून नाकातून हलक्या दाबाने हवा आत सोडून पाहिली. घसा मिटलाच नाही. आजच्या 'सीपॅप' यंत्राचं तत्त्व तेच आहे. शहाळ्याची भिजलेली नळी ओढण्याऐवजी तिच्यात हलकी फुंकर मारत राहिलात तर ती उघडी राहते ना, तसं. यंत्र ऑक्सिजन देत नाही, श्वासही देत नाही. श्वास तुमचाच, हवेचा फक्त टेकू.

"आयुष्यभर मशीन? सवय लागली तर?" ही भीती मी प्रत्येकाच्या तोंडून ऐकली. चष्मा काढल्यावर अंधुक दिसतं ते चष्म्याची सवय लागल्यामुळे नव्हे, डोळ्याला नंबर असल्यामुळे. यंत्र बंद केलं की त्रास परत येतो, कारण घसा तोच असतो. वजन बरंच उतरलं तर काहींना यंत्राची गरज उरत नाही, पण ते पुन्हा तपासून ठरवायचं असतं.

पहिले पंधरा दिवस अवघड जातात, हे लपवण्यात अर्थ नाही. दाजींच्या मिशीमुळे मास्कच्या कडेने हवा सुटायची आणि डोळ्यांवर यायची. दोनदा त्यांनी रात्री काढून फेकला. मग नाकपुड्यांखाली बसणारा छोटा मास्क मिळाला आणि जमलं. मिशी तशीच आहे. यंत्र विकत घेण्याआधी आठवडा-दोन आठवडे भाड्याने मिळतं का ते विचारा, आणि पैसे यंत्राच्या ब्रँडपेक्षा मास्क नीट बसवून देणाऱ्या माणसावर खर्च करा. दाजींना सगळं मिळून ४२ हजार पडले. आम्हाला ते जड गेले. सेकंड हँड घ्यायचा मोह होतो, पण सांभाळून. फिलिप्सने आपली लाखो जुनी यंत्रं आतला फोम झिजतो म्हणून जून २०२१ पासून परत बोलावली होती, त्यांतलं एखादं तुमच्या गळ्यात पडायला नको.

"मशीनने हार्ट अटॅक टळतो, हे सिद्ध झालंय का?"

हा प्रश्न माझ्या भाच्याने विचारला आणि तो योग्य आहे. आधीच हृदयविकार किंवा पक्षाघात झालेल्या २७०० हून जास्त रुग्णांवर, भारतासह सात देशांत एक मोठी चाचणी झाली. २०१६ मध्ये निकाल आला: यंत्र दिलेल्या गटात हार्ट अटॅक आणि पक्षाघात लक्षणीय कमी झाले नाहीत. ज्यांना हे यंत्र नको असतं ते इथेच थांबतात. पण त्या रुग्णांनी यंत्र सरासरी रात्री ३.३ तासच लावलं होतं, म्हणजे निम्म्याहून जास्त झोप टेकूविना. आणि दिवसा अतिशय पेंगणाऱ्या रुग्णांना चाचणीत घेतलंच नव्हतं. झोपाळूपणा, मनःस्थिती आणि रोजचं जगणं मात्र त्यांचंही सुधारलं होतं.

माझं मत असं झालं आहे: यंत्राने आयुष्य नक्की किती वर्षांनी वाढतं, यावर पैज लावू नये. पण दिवसा डोळे उघडे राहणं, बाइक सरळ चालणं, बीपी थोडं तरी उतरणं, एवढ्यासाठीही ते घ्यावं.

शंख, इंजेक्शन आणि बाकीचं

शंखाची बातमी खोटी नाही. जयपूरच्या डॉक्टरांनी ३० रुग्णांवर केलेला अभ्यास २०२५ मध्ये आला. मध्यम त्रास असलेल्यांनी सहा महिने, आठवड्यातून पाच दिवस, रोज पंधरा मिनिटं शंख वाजवला. दिवसाचा झोपाळूपणा ३४ टक्क्यांनी कमी झाला, तासाचा आकडा चार-पाचने उतरला. घशाच्या स्नायूंना व्यायाम मिळतो, हे तर्काला धरून आहे. पण आकडा ४६ वरून ४१ वर आला तर आजार तीव्रच राहतो. आवडत असेल तर जरूर वाजवा, यंत्राच्या बदल्यात नको.

इंजेक्शनचंही खरं आहे. टिर्झेपटाइड या औषधाला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०२४ मध्ये, स्थूल आणि मध्यम ते तीव्र ॲप्निया असलेल्या प्रौढांसाठी मान्यता दिली. या आजारावर मान्यता मिळालेलं ते पहिलं औषध. मुळात ते वजन उतरवतं, त्यातून घसा मोकळा होतो. ते महाग आहे, डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय घ्यायचं नाही, आणि वजन मुळात जास्त नसेल त्याला त्याचा उपयोग नाही. इंजेक्शनाशिवायही वजनाचा परिणाम मोठाच आहे. विस्कॉन्सिनच्याच अभ्यासात वजन दहा टक्क्यांनी वाढलं की तासाचा आकडा सुमारे ३२ टक्क्यांनी चढला, दहा टक्क्यांनी उतरलं की सुमारे २६ टक्क्यांनी खाली आला.

ज्यांचा त्रास सौम्य किंवा मध्यम आहे, त्यांना दंतवैद्याने बनवलेली, खालचा जबडा पुढे धरून ठेवणारी पट्टी उपयोगी पडते. काहींचा श्वास फक्त पाठीवर झोपल्यावर अडतो, त्यांनी कुशीवर झोपायची सवय लावली तरी फरक दिसतो. शस्त्रक्रिया निवडक रुग्णांसाठी.

दोन गोष्टी मात्र ताबडतोब बंद करायच्या. रात्रीची दारू, आणि कोणालाही न विचारता घेतलेली झोपेची गोळी. दोन्हींनी घशाचे स्नायू आणखी ढिले पडतात आणि मेंदूची ती वाचवणारी जागही उशिरा येते. कोणतंही ऑपरेशन असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना हा आजार आधीच सांगा आणि यंत्र बरोबर न्या, कारण भुलेच्या औषधांचा परिणामही असाच होतो.

गावाला जाताना

यंत्र लागून आता आठ महिने झाले. बीपीच्या तीन गोळ्यांच्या दोन झाल्या. पित्ताची गोळी बंद झाली. दाजी रविवारी दुपारी जागे असतात, हे पोरांना अजून नवीन आहे.

मागच्या महिन्यात गावच्या जत्रेला साताऱ्याला निघाले, तेव्हा म्हणाले, "दोन रात्रींचा तर प्रश्न, राहू दे इथेच. तिकडे लाइटचा भरवसा नाही." ताईने डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी सांगितलं, एक रात्र जरी चुकली तरी श्वास त्याच रात्री अडायला लागतो, आणि जत्रेहून गाडी कोण चालवत येणार आहे? यंत्र बरोबर गेलं, इन्व्हर्टरला लावायची वायरही गेली. सासूबाईंनी पहिल्या रात्री खोलीत डोकावून विचारलं, "अगं, हे नाकाला काय लावलंय? बरं आहे ना त्याला?" ताईने त्यांना पलंगाशी बसवलं आणि मोबाइलवरचं ते जुनं रेकॉर्डिंग ऐकवलं. सासूबाई अडतीसपर्यंत ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुझ्या सासऱ्यांचं अगदी असंच व्हायचं."